बाहेरून आलेले, बाहेर गेलेले

करुण नायर परत कर्नाटकाकडे चालला आहे. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला चालला आहे. जुलै 2025 मधल्या या दोन बातम्या. आमच्या भंडारा जिल्ह्यात सध्या रोवणीचे दिवस आहेत. बांध्यांत चिखल झाला आहे आणि क्रिकेटचा मोसम उघडायला अजून अडीच-तीन महिने आहेत. पण विदर्भाचा रणजी संघ ज्यांच्या जिवाला लागला आहे, त्यांच्यासाठी खरा मोसम हाच. कोण येणार, कोण जाणार, कुणाला ना हरकत प्रमाणपत्र मिळाले, यावर पानटपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत वाद सुरू आहे.

वादाच्या दोन बाजू आहेत. एक गट म्हणतो, नायर गेला, आता त्याच्या तोडीचे दोन मोठे फलंदाज बाहेरून आणा, नाहीतर करंडक हातचा जाईल. दुसरा गट म्हणतो, बाहेरचे पुरे झाले, आपल्या पोरांना खेळवा. जितेशबद्दल तर काही जण असे शब्द वापरत आहेत की ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मला दोन्ही बाजूंशी थोडे भांडायचे आहे.

ज्या वाचकांना क्रिकेटचे फारसे वेड नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. रणजी करंडकात राज्य संघटनेला बाहेरच्या राज्यांतले जास्तीत जास्त तीन खेळाडू घेता येतात. त्यांना पाहुणे खेळाडू म्हणतात. खेळाडूने आपल्या मूळ संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र आणायचे, नव्या संघटनेशी करार करायचा. आयपीएलसारखा लिलाव नाही, कोटींचे आकडे नाहीत. ज्या जितेशला बंगळूरूच्या आयपीएल संघाने 11 कोटींना घेतले, त्याच दर्जाच्या स्पर्धांतला नवा रणजीपटू सामन्याच्या दिवसाला 40 हजार रुपये मिळवतो, चाळीसच्या वर सामने खेळलेला 60 हजार. म्हणजे रणजीतला पाहुणा लॉटरीसाठी येत नाही. बहुतेक वेळा आपल्या घरच्या संघात जागा उरली नाही म्हणून येतो.

नायरचेच पाहा. डिसेंबर 2016 मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद 303 धावा करणारा हा माणूस. त्रिशतक ठोकूनही भारतीय संघातून बाहेर गेला, पुढे कर्नाटकाच्या संघातूनही. 2023 मध्ये तो विदर्भात आला. गंमत अशी की डिसेंबर 2017 मध्ये कोलकात्याच्या रणजी उपांत्य सामन्यात याच नायरने कर्नाटकाकडून आपल्याविरुद्ध 153 धावा केल्या होत्या. तो सामना आपण पाच धावांनी जिंकलो म्हणून ते शतक आपण विसरलो. विदर्भाने त्याला जागा दिली आणि त्याने 2024-25 च्या विजय हजारे स्पर्धेत 779 धावा, पाच शतके आणि रणजीत 863 धावा दिल्या. या जूनमध्ये आठ वर्षांनी तो पुन्हा भारताकडून कसोटी खेळला. आता त्याला आपल्या घरी परत जायचे आहे. यात नाराज होण्यासारखे काय आहे? पाहुणा जेवून, भांडी घासून, वर घरात दिवा लावून गेला.

आता दुसऱ्या गटाचा आक्षेप. पाहुण्याने अकरातली एक जागा अडवली की विदर्भातला एक मुलगा बाहेर बसतो. हा आक्षेप खोटा नाही. आमच्यासारख्या जिल्ह्यात तर तो जास्त बोचतो. विदर्भ म्हणजे अकरा जिल्हे, पण संघाचा प्राण नागपुरात. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, आणि जामठ्याचे स्टेडियम नागपूरच्याही पलीकडे, वर्धा रोडला. पवनीच्या किंवा लाखांदूरच्या मुलाला लाल चेंडूने नियमित खेळायचे तर बापाने एसटीचा पास, किटचा खर्च आणि शाळेची बुडालेली हजेरी या तिन्हींचा हिशेब जमवायला हवा. गावात जे क्रिकेट आहे ते टेनिस बॉलचे, रात्रकालीन सामन्यांचे. अशा मुलाला आधीच दार अरुंद, आणि त्यात बंगळूरूहून किंवा दिल्लीहून कुणी येऊन उभा राहिला तर राग येणारच.

पण रागाआधी हिशेब मांडावा, ही माझी शिक्षकी सवय आहे. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळतो. पहिला करंडक 2017-18 च्या मोसमात मिळाला. म्हणजे साठ वर्षे वाट पाहिली. 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. त्या अंतिम सामन्यातल्या अकरा जणांत पाहुणे किती होते? दोन. वसीम जाफर आणि गणेश सतीश. आता 2 मार्च 2025 ला जामठ्यात संपलेला केरळविरुद्धचा अंतिम सामना घ्या. तिथे पाहुणे किती? दोन. करुण नायर आणि ध्रुव शोरी. सात वर्षांचे अंतर, कर्णधार वेगळा, प्रशिक्षक वेगळा, पण गणित तेच. दोन बाहेरचे, नऊ इथले. तीनची परवानगी असताना दोन.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. चारही पाहुणे फलंदाज. गोलंदाजी दोन्ही वेळा पूर्ण घरची. इंदूरला हॅटट्रिक घेतली ती रजनीश गुरबानीने. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी हॅटट्रिक त्याच्याआधी एकदाच झाली होती. 2018-19 ला नागपुरात सौराष्ट्राविरुद्ध सामन्यात अकरा बळी घेऊन दुसरा करंडक हातात ठेवला तो आदित्य सरवटेने. 2024-25 ला एका मोसमात 69 बळींचा विक्रम केला तो हर्ष दुबेने. म्हणजे विदर्भाने गोलंदाज घरी पिकवले आणि फलंदाज उसने आणले. जे आपल्या मातीत येते ते विकत का घ्यायचे, हा साधा शेतकरी विचार त्यामागे दिसतो.

पण मग उसने आणलेल्याने काय ठेवले, हा प्रश्न येतो. माझ्या मते पाहुण्याची किंमत त्याच्या धावांवरून ठरवूच नये. त्याच्या समोरच्या टोकाला कोण उभे होते आणि त्याने किती केल्या, यावरून ठरवावी. केरळविरुद्ध आपले तीन गडी 24 धावांत गेले होते. तिथून नायर आणि दानिश मालेवार यांनी 215 धावांची भागीदारी केली. नायर 86 वर धावबाद झाला, दानिशने 153 केल्या. दुसऱ्या डावात नायरने 135 केल्या, दानिशने 73. सामनावीर कोण? दानिश. एकवीस वर्षांचा, पहिलाच रणजी मोसम. आमच्या उर्दूच्या तासाला मी मुलांना उस्ताद आणि शागीर्द हे शब्द शिकवतो. त्यांचा अर्थ सांगायला त्या 215 धावांपेक्षा चांगले उदाहरण मला सापडत नाही. जाता जाता एक मौज. 'दानिश' हा शब्द फारसी, अर्थ शहाणपण. आडनाव मालेवार, अस्सल आपल्या भागातले. आठवीतल्या मुलांना शब्दांचा प्रवास शिकवताना मला आता हे एक नाव पुरते.

जाफरचेही तसेच. मुंबईकडून आठ करंडक जिंकून तो 2015 मध्ये विदर्भात आला. पहिल्या करंडकाच्या मोसमात तो मानधन न घेता खेळला, हे त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आले होते. वय वर्षे चाळीस असताना मार्च 2018 मध्ये इराणी करंडकात 286 धावा, आणि पुढच्या रणजी मोसमात हजाराच्या वर. पण मला त्या आकड्यांपेक्षा मोठे वाटते ते हे की, ज्या ड्रेसिंग रूमला अंतिम सामना कशाशी खातात हे ठाऊक नव्हते, तिथे आठ वेळा जिंकलेला माणूस रोज बसत होता. अक्षय वाडकर तेव्हा नवखा होता. इंदूरला त्याने 133 धावा केल्या. सात वर्षांनी करंडक उचलणारा कर्णधार तोच होता. बी.एड.ला असताना आम्हाला पाठ टाचणाच्या शेवटी 'मूल्यमापन' लिहावे लागे. गुरुजी किती छान बोलले हे तिथे लिहायचे नाही, मुलांना काय आले ते लिहायचे. पाहुण्या खेळाडूचे मूल्यमापनही तिथेच व्हावे.

याची उलटी बाजू मी शाळेत पाहिलेली आहे. एखाद्या विषयाची जागा रिकामी असते. तासिका तत्त्वावर कुणी येतो, तास घेतो, जातो. वर्षअखेरीस निकाल चांगला लागतो, सत्कार होतो. पण पुढच्या वर्षी फळ्यासमोर पुन्हा कुणी नाही. दोष त्या शिक्षकाचा नसतो. त्याला कुणी सांगितलेलेच नसते की तुझ्यामागे इथे काय उरायला हवे. क्रिकेट संघाचेही असेच होऊ शकते. पाहुण्याच्या धावांवर दोन मोसम निघतात आणि तो गेल्यावर कळते की चौथ्या क्रमांकावर खेळायला आपण कुणाला तयारच केलेले नाही. या वेळी तसे झाले नाही, कारण दानिश आहे, 960 धावा करून गेल्या रणजीत सगळ्यांच्या पुढे राहिलेला यश राठोड आहे. म्हणून नायर गेल्याचे दुःख मला कमी आहे. दोन मोठी नावे आणा म्हणणाऱ्यांनी ही दोन नावे आधी मोजावीत.

आता जाणाऱ्यांविषयी. आदित्य सरवटे मागच्या मोसमात केरळकडे गेला, गुरबानी महाराष्ट्राकडे. केरळ इतिहासात पहिल्यांदा रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला तो गुजरातवर पहिल्या डावात दोन, फक्त दोन धावांची आघाडी घेऊन. गुजरातचा शेवटचा गडी बाद झाला तो चेंडू आठवतो ना? फलंदाजाने जोरात मारलेला चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि कर्णधाराच्या हातात गेला. तो चेंडू सरवटेचा. मग तोच सरवटे जामठ्यात आपल्याविरुद्ध उतरला आणि 79 धावा करून बसला. ज्या मैदानावर सहा वर्षांपूर्वी त्याने पुजाराला दोन्ही डावांत बाद करून आपल्याला करंडक दिला, त्याच मैदानावर. त्या दिवशी काही जण त्याला गद्दार म्हणाले.

मला हा शब्द फार हलका वाटतो आणि फार जडही. हलका, कारण लोक तो वाटेल तिथे फेकतात. जड, कारण ज्याला लागतो त्याला तो आयुष्यभर वाहावा लागतो. आमच्या जिल्ह्यातली किती मुले नागपूर, पुणे, हैदराबाद, आखाती देशांत कामाला आहेत? पितळेच्या भांड्यांचे गाव म्हणून भंडाऱ्याची ओळख होती. तो धंदा उतरला तेव्हा कारागिरांची मुले जिथे काम मिळाले तिथे गेली. त्यांना कुणी गद्दार म्हटले नाही, ईदला-दिवाळीला घरी आली की मिठाई खाल्ली. सरवटे डावखुरा फिरकी गोलंदाज, दुबेही डावखुरा फिरकी गोलंदाज. एका संघात दोघांनाही पुरेशी षटके मिळणे अवघडच. एकाने जागा सोडली, दुसऱ्याला संपूर्ण मोसम मिळाला आणि त्याने 69 बळी घेतले. जाणाऱ्याने आपले नुकसान केले की उपकार, हे नीट मोजायला हवे. जितेशचेही तेच. लाल चेंडूच्या संघात कर्णधार वाडकर स्वतः यष्टिरक्षक. मग जितेशने किती वर्षे बाकावर बसायचे? त्याला बडोद्यात जागा मिळत असेल तर आपण दुआ द्यावी.

धानाची रोवणी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पऱ्हे एका बांधीत टाकतात. तिथे ती दाट उगवतात, हिरवीगार दिसतात, पण तिथेच राहू दिली तर लोंबी धरत नाही. उपटून दुसऱ्या बांधीत लावली की फुटवे फुटतात. ज्या बांधीत पऱ्हे टाकले तिने रुसायचे कारण नसते. उपटताना मुळाशी आपलीच माती चिकटून जाते.

'बाहेरचा' या शब्दाविषयीही मला थोडे बोलायचे आहे. माझा जन्म वैनगंगेच्या काठचा, वडिलांचा आणि आजोबांचाही. तरी वर्षातून दोन-चार वेळा कुणीतरी प्रेमाने विचारतेच, "सर, तुम्ही मराठी इतकी छान कशी बोलता?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्या प्रश्नात मी कुठूनतरी आलेला ठरतो. म्हणून संघातला बाहेरचा कोण हे ठरवताना मी जरा थांबतो. विदर्भाकडून खेळून भारताच्या कसोटी संघात गेलेला पहिला खेळाडू उमेश यादव. वडील उत्तर प्रदेशातून आलेले, खापरखेड्याजवळच्या वलनीत कोळसा खाणीचे कामगार. वयाची विशी येईपर्यंत पोरगा टेनिस बॉलनेच खेळत होता. तो बाहेरचा की आपला? आणि ज्याने दोन करंडक उचलले तो फैज फझल नागपूरचा. मध्ये काही काळ तोही रेल्वेकडून खेळला होता. गेला, परत आला, कर्णधार झाला. त्याच्यावर तेव्हा शिक्का मारला असता तर 2018 ला इंदूरला करंडक कुणी घेतला असता?

आमच्या ओळखीतले काही जण विचारतात, "सर, टीममध्ये आपले किती?" त्यांना फैज फझल, वसीम जाफर, गेल्या दोन मोसमांचे प्रशिक्षक उस्मान गनी ही नावे ऐकायची असतात. ती नावे घेताना मलाही आनंद होतो, खोटे कशाला बोलू? ज्या मुलांना आरशात आपल्यासारखा कुणी दिसत नाही त्यांना तो आधार लागतो. पण मी त्यांना उत्तर देतो, "अकरा." आणि खरे तर हेच उत्तर या जिल्ह्यातल्या प्रत्येकाने द्यायला हवे. 'आपले' या शब्दाची रेघ एकाने जातीवर, दुसऱ्याने धर्मावर, तिसऱ्याने नागपूरच्या नाक्यावर ओढली तर संघ उरत नाही, नुसती यादी उरते. फेब्रुवारी 2019 मध्ये इराणी करंडक जिंकल्यावर फझलने बक्षिसाची रक्कम पुलवामात शहीद झालेल्या जवानांच्या कुटुंबांना द्यायचे जाहीर केले. त्या दिवशी कुणी विचारले नाही की यात आपले किती.

एवढे बोलून मी पाहुण्यांच्या बाजूने निघालो असे वाटेल. तसे नाही. या पावसाळ्यात विदर्भाने काय करावे याविषयी माझे मत अगदी ठरलेले आहे.

शोरी आहे, त्याच्या जोडीला फार तर एक पाहुणा घ्यावा. दोन हा आकडा आपल्याला दोनदा लाभला आहे, तो ओलांडू नये. तो फलंदाज असावा, शक्यतो वरच्या फळीतला. फिरकी गोलंदाज, वेगवान गोलंदाज किंवा यष्टिरक्षक बाहेरून आणणे म्हणजे भंडाऱ्यात तांदूळ बाहेरून मागवण्यासारखे होईल. करार एका मोसमाचा नको. एका मोसमात माणूस धावा करतो, शिकवायला त्याला दुसरा मोसम लागतो. आणि करारातच लिहावे की सामने नसतील त्या दिवसांत त्याने महिन्यातून निदान एक दिवस नागपूरबाहेर द्यायचा. एकदा गोंदिया, एकदा गडचिरोली, एकदा यवतमाळ, एकदा भंडारा. भारताकडून खेळलेल्या माणसाने साकोलीच्या मैदानावर तीस मुलांसमोर पाऊल कसे टाकायचे हे दाखवले, तर त्या तीसमधला एखादा तरी टेनिस बॉल खाली ठेवेल.

याहून मोठी गोष्ट जिल्ह्यांतल्या खेळपट्ट्यांची. पाहुणा का लागतो? कारण फलंदाज घडायला चांगली खेळपट्टी, लाल चेंडू आणि रोजचा सराव लागतो. वेगवान गोलंदाज एकवेळ ढेकळातूनही उठतो, उमेश उठला. फलंदाज तसा उठत नाही. म्हणून आपण गोलंदाज पिकवतो आणि फलंदाज आणतो, यामागे दैव नाही, मैदानांचा अभाव आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एक नीट राखलेली खेळपट्टी आणि एक पगारी प्रशिक्षक असेल, तर दहा वर्षांनी पाहुण्याचा वादच राहणार नाही. आणि भारतीय क्रिकेट मंडळ रणजी विजेत्याला आता पाच कोटींचे बक्षीस देते, तेव्हा हे मागणे आभाळाएवढे नाही.

भारताचा पहिला कसोटी कर्णधार सी. के. नायडू 1895 मध्ये नागपुरात जन्मला. त्याला होळकरांनी इंदूरला नेले. तिथे त्याने होळकर संघ उभा केला, रणजी करंडक जिंकून दिले, मुश्ताक अलींसारखे शिष्य घडवले. नागपूरने दिलेला तो पाहुणा इंदूरचा झाला, आणि नागपूरला आपला पहिला करंडक मिळाला तो इंदूरलाच, होळकरांच्या नावाच्या मैदानावर. देणे-घेणे असे पिढ्यांचे असते. फक्त आपल्याकडून जाणारा मुलगा नाइलाजाने जाऊ नये आणि आपल्याकडे येणारा माणूस रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढे विदर्भाने पाहावे.

ऑक्टोबरमध्ये मोसम सुरू होईल. तुम्ही धावफलक बघाल तेव्हा पाहुण्याच्या नावापुढचा आकडा बघाच. पण त्याच्यासोबत भागीदारीत कोण होते, ते नावही वाचा. पुढच्या पाच वर्षांचा विदर्भ त्या दुसऱ्या नावात असतो.